भोकापलीकडचं पाणी

ऐन उमेदीची काही वर्षं मी एका बंद मोटारीच्या सावलीत बसून काढली. बॉनेट उघडलेलं, आत कमरेपर्यंत वाकलेला एक माणूस, आणि खाली गोणपाटावर मी, हातात शिळं वर्तमानपत्र. त्या काळात तुम्ही काय करत होता असं कोणी विचारलं तर लोकसेवा वगैरे सांगता येईल. खरं उत्तर असं की मी वाट पाहत होतो. ऊन सरकलं की मीही गोणपाटासकट सरकायचो.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, आणि नव्या सरकारने जंगलपट्टीतल्या गावांसाठी आदिलाबादेहून फिरता दवाखाना काढला. दवाखाना म्हणजे महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक अमेरिकन बनावटीची लष्करी लॉरी. तिच्या पाठीवर सुताराकडून लाकडी खोली बसवून घेतलेली, आत औषधांची कपाटं. माणसं तिघंच: डॉक्टर, ड्रायव्हर आणि कंपाउंडर, म्हणजे मी. आमचं आदिलाबादच्या बाजारात किराण्याचं लहानसं दुकान होतं. ते थोरल्या भावाने सांभाळलं, आणि मला सरकारी नोकरी लागली म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. पेढे वाटणाऱ्यांपैकी कोणी त्या मोटारीत बसलेलं नव्हतं.

ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत. खरं नाव हजेरीच्या वेळी कानावर पडायचं तेवढंच. राजुऱ्याकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले. तरुणपणी कोण्या जहागीरदाराची मोटार चालवायचे. उंच, खांद्यात वाकलेले, अंगात खाकी कोट आणि त्याची एक गुंडी दुसरीसारखी नाही. कमरेला पान-सुपारीची चंची. बोलणं कमी आणि तेही इंजिनाकडे तोंड करून, त्यामुळे निम्मं इंजिनालाच ऐकू जायचं.

त्यांच्यातलं वेड मला पहिल्यांदा कळलं ते सुतळीवरून. औषधांची पार्सलं हैदराबादेहून करकचून बांधून येत. मी कात्री उचलली की उस्ताद पार्सल ओढून घेत आणि मांडीवर ठेवून गाठ सोडवत बसत. नखाने, दाताने, खिळ्याच्या टोकाने. बाहेर रोगी ताटकळलेले, आत मी ताटकळलेला.

"उस्ताद, कापा ना. दोन पैशाची सुतळी."

"कापलेली सुतळी वाढते का?"

"नाही वाढत."

"मंग बस चूप."

गाठ सुटली की सुतळीची गुंडी करून ती चंचीशेजारी कोटात जायची. कोटाचा तो खिसा कायम फुगलेला.

दाताचंही तसंच. त्यांची एक दाढ किडली होती. गाल सुजायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, गाडी चालवताना तोंडातून हूं हूं आवाज निघायचा. मी रोज चिमटा दाखवायचो. ते लवंग धरायचे आणि दुसऱ्या बाजूने चावायचे. काढलेली दाढ परत बसवता येते का, एवढं सांग, मग काढ, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर गावोगाव गालाला फडकं बांधून उतरायचा आणि आम्ही लोकांना दात नीट ठेवा म्हणून सांगायचो. लोक आमच्याकडे बघायचे, मग त्यांच्याकडे बघायचे, आणि काही बोलायचे नाहीत. जंगलातले लोक फार समजूतदार.

बोल्ट बसवायची त्यांची रीत तर बघवत नसे. कुठलाही बोल्ट आधी दोन बोटांनी फिरवायचा, डोळे मिटून, पार तळापर्यंत. बोटाला जरा जरी अडला तरी उलटा काढायचा, पुसायचा, तेल लावायचं, पुन्हा पहिल्यापासून. पाना लावायचा तो अगदी शेवटी. याला कारण होतं. या लॉरीच्या आधी उस्ताद आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्याची एक इंग्रजी बनावटीची जुनी मोटार चालवायचे. ती मोडीत निघाली तेव्हा उस्तादांनी तिचे सगळे बोल्ट काढून ठेवले, आणि ते या लॉरीच्या बोल्टांबरोबर एकाच पत्र्याच्या डब्यात पडलेले असत. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जाडी तीच, लांबी तीच. पण एका इंचात इंग्रजी बोल्टापेक्षा अमेरिकन बोल्टाला एक आटा, म्हणजे पिळाचा एक फेर, जास्त. इंग्रजी बोल्ट अमेरिकन भोकात आधी मुकाट्याने शिरतो, थोडं गेल्यावर अडतो. तिथे पाना लावून जोर केला की भोकातले आटे सोलून निघतात. उस्ताद म्हणायचे, "बोटानं जाते तो आपला. पान्यानं जाते तो परका."

मी एकदा म्हणालो, मग दोन डबे करा. त्यांना ते पटलं नाही. बोटं असताना डबे कशाला. ही अक्कल त्यांना कोणी शिकवली कोण जाणे, पण पुढचं सगळं त्या एका डब्यामुळे झालं.

डॉक्टर मद्रासकडून आलेले. तेव्हा बाहेरून पुष्कळ अधिकारी आले होते. हे वयाने लहान, अंगाने धडधाकट, कामाला वाघ, आणि थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आमच्याशी हिंदी बोलायचे, तीही पळत पळत. एका मुक्कामात उस्तादांनी इंजिनाचं हेड उतरवलं होतं. हेड म्हणजे वरचं जड झाकण. खालच्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यावर ते बोल्टांनी आवळून बसवतात. काम होऊन हेड पुन्हा जागेवर ठेवलं, बोल्ट बोटांनी बसवत आणले, आणि एक बोल्ट सापडेना. उस्ताद ओढ्यावर आंघोळीला गेले. आंघोळ, मग सूर्याला पाणी, मग पान. डॉक्टरांना पुढच्या गावी देवीच्या लशी टोचायच्या होत्या. त्यांनी डब्यातून एक बोल्ट उचलला, भोकात घातला, थोडा फिरला. मग त्यांनी पाना घेतला आणि त्यांच्या सगळ्या उमेदीनिशी ओढला.

मी शेजारीच होतो. आधी पाना कडक चालत होता, मग एकाएकी मऊ चालायला लागला. डॉक्टर खूष झाले. "देखो, बैठ गया," म्हणाले.

उस्ताद आले ते ओल्या पंच्यानिशीच. त्यांनी त्या बोल्टाला नुसतं बोट लावलं आणि तो गोल गोल फिरत बसला. ते ओरडतील असं मला वाटलं. ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ पंचा पिळत राहिले. त्यात पाणी उरलेलंच नव्हतं.

आता असं आटे गेलेलं भोक दुरुस्त करायची रीत सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक असते. भोक जरा मोठं करायचं, त्यात नवे, जाड आटे पाडायचे, आणि एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असा स्टड लेथवर काम करणाऱ्या खराद्याकडून करून आणायचा. जाड बाजू ठोकळ्यात पक्की, बारीक बाजू वर येते, तिच्यावर नट. अर्ध्या दिवसाचं काम. पुढच्याच फेरीत उस्ताद मंचेरियलला गेले. तिथे कोळशाच्या खाणींमुळे चांगले खरादी होते. त्यांनी तसा स्टड करून आणला. त्याला तेल लावलं, तो फडक्यात गुंडाळला, आणि चंचीत सुपारीशेजारी ठेवून दिला.

आणि तिथेच तो राहिला.

"बसवत काऊन नाई?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही तशीच व्हायची.

"ते भोक काठाचं हाय. त्याच्यापलीकडं पाणी हाय." म्हणजे इंजिन थंड ठेवायला ठोकळ्यात जे पाणी खेळतं, त्याची भिंत त्या भोकाला लागून होती. "भोक मोठं करन तेवढी भिंत बारीक होईन. आत किती लोखंड हाय ते मले दिसते का? एक डाव कापलं की संपलं. ते ठेवाचं असते."

"कधीपर्यंत?"

"वेळ आली की समजते."

मग सुरू झाले त्यांचे उपाय. तांब्याच्या तारेचा पीळ भोकात सोडायचा आणि त्याच्या अंगाने बोल्ट बसवायचा. तार आट्यांत चेपली की बोल्ट धरून राहतो, काही दिवस. कधी चहाच्या पेटीतला शिशाचा कागद. कधी माझ्या कपाटातली चिकटपट्टी, तीही न विचारता. मग एखाद्या चढावर हेड त्या कोपऱ्यात उचललं जायचं, पाणी इंजिनात शिरायचं, रेडिएटर फुसफुसायला लागायचा आणि मोटार उभी. मी गोणपाट घेऊन खाली. उस्ताद बॉनेटखाली. डॉक्टर रस्त्यात येरझाऱ्या घालायचे आणि ठरलेलं वाक्य म्हणायचे, "ड्रिल करो, खतम करो! एक घंटे का काम है!"

"जी," उस्ताद म्हणायचे, आणि तार पिळायला घ्यायचे.

मी खरंच थकलो होतो. दोघांनाही. एकाला थांबता येत नव्हतं आणि दुसऱ्याला संपवता येत नव्हतं. मध्ये मी, जुनं वर्तमानपत्र धरून. बाजारात आमच्या मोटारीला लोक हसायचे, उस्तादांच्याच डोक्याचे आटे गेलेत म्हणायचे. मीही हसायचो. एकदा चिडून म्हणालो की उस्ताद, हा स्टड तुम्ही तुमच्या तिरडीवर ठोकून घ्या. ते म्हणाले, तिरडीले सुतळी लागते, ते बी हाय माह्यापाशी.

पावसाळा सरल्यावर इंद्रवेल्लीच्या पुढे एका गोंड वस्तीवर आमचा मुक्काम होता. हिवतापाचे दिवस. वस्तीतल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी घोंगडी पांघरून पडलेलं. डॉक्टरांनी सगळ्यांना कोयनेल दिलं आणि स्वतःच्या तापाकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते मला ओळखेनात. डोळे उघडे, पण बोलणं त्यांच्या मुलखातलं, आईशी चाललेलं. असा ताप डोक्यात गेला की माणूस हाती लागत नाही, हे मी पाहिलेलं होतं. त्यांना आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेणं एवढंच करण्यासारखं होतं. आम्ही त्यांना औषधांच्या कपाटांमध्ये सतरंजीवर झोपवलं आणि निघालो.

पहिल्याच चढाला रेडिएटर फुसफुसला. ओढ्याकाठी मोटार उभी राहिली. उस्तादांनी बॉनेट उघडलं, बोल्टाला बोट लावलं. तो फिरला.

त्यांनी खिशातून तार काढली.

मी म्हणालो, "उस्ताद, आज तार नका करू."

"एक डाव पाहू दे. धरली तर तासाभरात आदिलाबाद."

तार धरली नाही. इंजिन थंड होईपर्यंत थांबलो, पुन्हा केली, थोडं अंतर गेलो, पुन्हा उभे. तिसऱ्यांदा त्यांनी शिशाचा कागद घातला. सकाळ तशीच गेली. आत डॉक्टर पाणी मागत होते आणि दिलं की थुंकत होते. वस्तीवरचे दोघं जण बैलगाडी देतो म्हणाले, पण बैलगाडीने आदिलाबाद म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. मी मोटारीच्या मागून पुढे, पुढून मागे करत होतो. उस्तादांवर इतका राग मला आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही. मी त्यांच्या कोटाला धरलं.

"कोणासाठी ठेवलं आहे ते? मेल्यावर नेणार आहात बरोबर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दाढ सुजलेलीच होती. मग ते मागे गेले, दाराशी उभे राहून डॉक्टरांकडे पाहत राहिले. परत आले, कमरेची चंची सोडली, आणि फडकं उलगडलं. ऊन तेव्हा कलायला लागलं होतं.

हेड उतरवलं. हाताने फिरवायचं गिरमिट भोकावर ठेवलं. मला म्हणाले, "तू समोर उभा राय. गिरमिट कलत असन तर सांग. अन भुकटीवर ध्यान ठेव. काळी येते तोवर लोखंड. लाल आली की गंज, म्हंजे पाण्याची भिंत आली. लाल दिसली की वरड."

ते फिरवत होते आणि मी बघत होतो. ओतीव लोखंडाची बारीक काळी भुकटी भोकाच्या कडेने वर येत होती. ते थोडं कापायचे, भुकटी फुंकून काढायचे, बोट घालून बघायचे, पुन्हा कापायचे. मला घाई नाही करवली. ज्या माणसाला मी मघाशी कोटाला धरून गदागदा हलवलं होतं, तो आता गिरमिटाची एकेक फेरी तोंडातल्या तोंडात मोजत होता. अंगावरचा खाकी कोट घामाने काळा पडला. शेवटी शेवटी सूर्य झाडांत गेला आणि सगळा उजेड तांबडा झाला. ओढा तांबडा, मोटारीचं बॉनेट तांबडं, आमचे हात तांबडे.

"पाह्य," उस्ताद म्हणाले. त्यांच्या बोटावर चिमूटभर भुकटी होती. "काळी हाय का लाल?"

मी वाकून पाहिलं. त्या उजेडात मला सांगता येईना.

"कळत नाही, उस्ताद."

त्यांनी बोट पुसलं, टॅप, म्हणजे आटे कापायची पोलादी सळई, घेतली आणि आटे पाडले. स्टड तेल लावून बोटांनी फिरवत खाली नेला. तो अडला नाही. हेड ठेवलं, बाकीचे बोल्ट आवळले, त्या एका नटाला त्यांनी पाना अगदी अलगद लावला. अंधार पडायला आम्ही निघालो. वाटेत कुठेही रेडिएटर फुसफुसला नाही. आदिलाबादेत पोचलो तेव्हा दुकानं बंद होत होती.

मोठ्या दवाखान्यात कोयनेलच्या सुया टोचल्या, आणि डॉक्टर वाचले. पण उजव्या कानाने त्यांना ऐकू येईनासं झालं, ते कायमचंच. बरे होऊन आल्यावर त्यांनी मोटार पाहिली, नवा नट पाहिला, आणि उस्तादांच्या पाठीवर थाप मारली.

"देखा? एक घंटे का काम था. मैं कब से बोल रहा था!"

"जी," उस्ताद म्हणाले.

भोकाचे आटे तुमच्याच पान्याने गेले होते, हे सांगायला मी तोंड उघडलं तसा उस्तादांनी माझा हात दाबला. डॉक्टरांच्या वाट्याला जेवढं ऐकू येणं उरलं होतं, त्यात ही भर कशाला, असं त्यांना वाटलं असावं. पुढे डॉक्टर बदलून आपल्या मुलखाकडे गेले. निघताना त्यांनी आम्हा दोघांना मिठी मारली आणि उस्तादांना बजावलं की यापुढे काम वेळच्या वेळी करत जा.

त्यानंतर उस्तादांची रीत बदलली. तार पिळणं बंद. मोटार वेळेवर निघायची, वेळेवर पोचायची, आणि मला गोणपाटाची गरज पडेना. पण त्यांना चैन नसे. सकाळी उठल्याबरोबर रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घालायचे, पाणी किती आहे ते बघायचे. मग तेलाची सळई काढून उजेडात धरायचे, तेलात पाणी मिसळलंय का ते. आणि अधूनमधून, काहीही निमित्त नसताना, मला विचारायचे.

"कंपोंडर, ते भुकटी जराशी लाल होती का रे?"

"उजेड तांबडा होता, उस्ताद."

"ते बी खरं हाय."

दुसऱ्या एका दिवशी, दाढ काढून दे म्हणाले. मी काढली. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि ओढ्यात टाकून दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी फेकून दिलेली मी पाहिलेली ती पहिली वस्तू.

मग राज्यांची वाटणी आली. भाषेवर प्रांत करायचं ठरलं आणि आमचं हैदराबाद राज्य तीन बाजूंना वाटलं गेलं. आदिलाबाद तेलुगू मुलखात राहिलं, राजुरा मराठी मुलखात गेलं. दफ्तराची पाटी आधी उर्दू होती, मग इंग्रजी झाली, आता तेलुगू झाली. कचेरीत कपाटं, खुर्च्या, माणसं, सगळ्यांची वाटणी चालली होती. उस्तादांचं गाव तिकडे, म्हणून ते तिकडे. मोटार इकडे, म्हणून ती इकडे. मी दुकानामुळे आणि म्हाताऱ्या आईमुळे इथेच. उस्ताद म्हणाले, "गाव तर तिथंच हाय. मले काऊन परदेशी करून राह्यले?" कचेरीत प्रत्येकाला आपल्याच खुर्चीचा घोर होता.

नवा ड्रायव्हर मंचेरियलचा, तेलुगू बोलणारा, दणकट. उस्तादांनी त्याला मोटारीशी नेलं. त्या नटावर बोट ठेवलं.

"इसको पाना नक्को लगाना. कब्बी भी नक्को."

तो म्हणाला, बरं. पण त्याच्या दंडाकडे बघून उस्तादांचं समाधान होईना. ते माझ्याकडे आले, माझ्या कपाटातलं जखमांना लावायचं जांभळं औषध घेतलं, आणि काडीला कापूस गुंडाळून तो नट जांभळा रंगवला. "मिटला की पुन्हा लावत जाय," मला म्हणाले. मग बाटली परत दिली, कोट झटकला, आणि एसटीच्या नाक्याकडे चालू लागले. मोटारीकडे मागे वळून पाहिलं नाही. मी बाटली धरून उभा होतो, आणि मला रडू आलं.

रंग इंजिनाच्या उष्णतेने जायचा. मी दर फेरीला लावायचो. नव्या ड्रायव्हरला वाटायचं ही आमच्याकडची काही तरी पूजा असावी. पुढे पुढे तो स्वतःच बाटली मागायला यायचा.

राजुऱ्याकडून कापसाच्या बाजाराला येणारं माणूस हटकून निरोप आणायचं: उस्ताद विचारून राह्यले, पाणी आलं का? मी म्हणायचो, नाही आलं, सांगा. पुढच्या हंगामात पुन्हा तोच प्रश्न. माणूस आपल्या पोराबाळांची खुशाली विचारत नाही इतक्या नेमाने. कधी कधी मला वैताग यायचा. प्रांत बदलले, नोटिसांची भाषा बदलली, मी तेलुगू लिहायला शिकलो, आणि या गृहस्थाचं अजून त्या भोकातच अडकलेलं.

मोटार शेवटी म्हातारपणाने गेली. पुढचा ॲक्सल मोडला, सुटे भाग मिळेनात, आणि ती दवाखान्याच्या मागे गवतात उभी राहिली. बऱ्याच काळाने भंगारवाला आला. इंजिनाचे बोल्ट गंजले होते, म्हणून त्याने ठोकळा घणाने फोडायला घेतला. मी खिडकीतून आवाज ऐकला आणि धावत गेलो. काठाचा तो कोपरा नेमका तुटून वेगळा पडला होता. नटावर जांभळ्या रंगाचा डाग अजून होता. मी त्याच्याकडे तो तुकडा मागितला. एवढ्या लोखंडाचं काय करणार, त्याने विचारलं. मी म्हणालो, एकाला दाखवायचा आहे.

घरी मी तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, ब्रशने घासला, आणि रजा काढून राजुऱ्याच्या गाडीत बसलो. मधल्या नाक्यावर पोलिसाने पिशवी उघडायला लावली. आत लोखंडाचा तुकडा बघून त्याने माझ्याकडे बघितलं आणि जा म्हणाला.

उस्ताद ओसरीवर बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून ओळखलं. मी पायांना हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"पाणी आलं का?"

"नाही आलं, उस्ताद. हे बघा."

तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन बोटांनी नट धरला, फिरवला. तो बोटांनी सुटला. पुन्हा बोटांनी आत गेला, डोळे मिटून, तळापर्यंत. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांची बोटं तुटलेल्या कडेवर गेली. घणाने भिंत नेमकी आडवी फुटली होती. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला गंजलेली पाण्याची जागा, आणि मध्ये लोखंडाची पातळ कड. त्यांनी अंगठ्याचं नख त्या कडेवर आडवं ठेवलं. नख आणि कड जवळजवळ सारखी होती.

"एवढं होतं," मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता. वर्षानुवर्षांचा घोर मी पिशवीतून आणून त्यांच्या मांडीवर मोकळा केला होता. "पुरलं, उस्ताद. शेवटपर्यंत पुरलं."

"म्हंजे थोडं बाकी होतं," ते म्हणाले.

"हो."

ते त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"मंग सकाळीच कापता आलं असतं, कंपोंडर. सकाळच्या उजेडात भुकटी बी नीट दिसली असती. अन डॉक्टरचा कान..."

मी घाईघाईने सांगितलं की कान कोयनेलनेही जातात, मी कितीतरी पाहिले आहेत, ताप आणि कोयनेल यांतलं कशाने गेलं ते मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही, सकाळी निघालो असतो तरी कदाचित तेच झालं असतं. हे खरं होतं. मी आधीही त्यांना सांगितलेलं होतं. उस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जी," म्हणाले.